बंदिवानांचा कैवारी जॉन हॉवर्ड

गेल्या पावसाळ्यात आम्ही तळवड्यास काही कुटुंबांच्या भेटीस गेलो होतो. इंद्रायणीच्या काठचे हे गाव आता पिंपरी-चिंचवड शहरात मोडते, व जेथे पूर्वी बाजरी डोलत असे तेथे कारखाने व संगणकाच्या कचेऱ्या उभ्या आहेत. तरी जुन्या आळीत अद्याप गावपण शिल्लक आहे. तेथील एका घरचा मुलगा परगावी एका तुरुंगात शिपाई आहे. तो त्या वेळी रजेवर आलेला होता. त्याच्या आईने आम्हांजवळ गाऱ्हाणे केले की, मुलगा घरी आला म्हणजे कोणाशी बोलत नाही. रात्री उठून दाराची कडी दोन-तीनदा चाचपतो, आणि निजलेली माणसे मोजतो.

आम्ही त्यास नदीकडे फिरावयास नेऊन विचारले. तो म्हणाला की, तेथे दिवसातून कितीदा तरी माणसे मोजून भरती जुळवावी लागते, त्यामुळे डोळ्यांस ती खोड लागली आहे. त्यात विशेष काही नाही. बराच वेळ गेल्यावर त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या पहिल्या वर्षी एखादा नवा कैदी रात्री रडू लागला की सकाळी ह्यास भाकर जात नसे. आता जाते. हे त्याने पाप कबूल करावे तशा आवाजात सांगितले, आणि आम्हांस त्यावर काही उत्तर सुचले नाही.

बंदिशाळेतील माणसाची भेट घेण्याविषयी आम्ही उपदेशक लोक पुष्कळ बोलतो, पण ज्याच्या कमरेस किल्ल्या असतात त्याच्या मनाचे काय होते ह्याचा विचार आमच्या मनात क्वचितच येतो. फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या नायकाची गोष्ट आमच्या वाचकांस पाठ आहे. भूकंपाने दारे उघडली असे पाहताच त्याने आपल्याच पोटात तरवार खुपसण्याचा निश्चय केला, कारण कैदी निसटल्यास पहारेकऱ्याने जिवानिशी भरपाई करावी असा रोमी लोकांचा शिरस्ता होता. आम्ही ती गोष्ट त्याच्या बाप्तिस्म्यासाठी सांगतो. त्या तरवारीपाशी फारसे थांबत नाही. तळवड्याहून परत येताना आम्हांस तिची आठवण झाली, आणि तिच्यामागून जॉन हॉवर्ड ह्यांची. त्यांनी सतरा वर्षे बंदिखान्यांतून काढली, व आपले मन निबर होऊ दिले नाही. त्यासाठी त्यांस काय द्यावे लागले, हेही ह्या चरित्रात लपवून ठेवण्याचे कारण नाही.

हॉवर्ड 1726 साली लंडनजवळ जन्मले. बाप गाद्यागिर्द्यांच्या धंद्यात श्रीमंत झालेला, राजमान्य चर्चबाहेरील पंथाचा, कडक शिस्तीचा मनुष्य होता. आई लहानपणीच वारली. मुलगा प्रकृतीने अशक्त, अभ्यासात मंद. बापाने त्यास एका वाण्याच्या दुकानी उमेदवार ठेविले; परंतु 1742 साली बाप वारला, इस्टेट हाती आली, तेव्हा त्यांनी दुकान सोडले. पुढे एका भारी दुखण्यात ज्या विधवा घरमालकिणीने त्यांची शुश्रूषा केली, तिच्याशी त्यांनी उपकार स्मरून लग्न लाविले. ती पन्नाशी उलटलेली, हे पंचविशीचे! लोक हसले असतील. पण ती मरेपर्यंत त्यांनी तिला मानाने वागविले.

ती 1755 साली निवर्तली. त्याच वर्षी लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले होते, म्हणून हॉवर्ड पोर्तुगालकडे निघाले. वाटेत फ्रेंच लुटारू गलबताने त्यांचे जहाज धरिले आणि सर्वांस ब्रेस्टच्या किल्ल्यात कोंडिले. तेथे पोहोचण्यापूर्वीच चाळीस तासांवर त्यांस पाण्याचा थेंब मिळाला नव्हता. ओलसर तळघरात गवतावर सहा रात्री काढल्या. मेंढीचे एक तंगडे आत फेकण्यात आले. सुरी नसल्यामुळे माणसांनी ते कुत्र्यांप्रमाणे दातांनी तोडून खाल्ले. पुढे कैद्यांच्या अदलाबदलीत ते सुटले, व सुटताच मागे राहिलेल्या इंग्रज खलाशांची दाद त्यांनी सरकारात लाविली. तथापि ह्यानंतर सतरा-अठरा वर्षे त्यांनी तुरुंगाचे नावही काढले नाही. बेडफर्ड परगण्यात कार्डिंग्टन गावी त्यांची जमीन होती. 1758 साली हेन्रिएटा नामक सुशील बाईशी त्यांचा दुसरा विवाह झाला, आणि दोघांनी मिळून आपल्या कुळांसाठी कोरडी, उजेडाची घरे बांधिली व मुलांसाठी शाळा घातल्या. 1765 च्या मार्चात मुलगा झाला. त्याचे नाव बापाचेच, जॉन, ठेविले. चार दिवसांनी हेन्रिएटा वारली. पुढे जन्मभर ते त्या दिवशी उपास करीत.

1773 साली त्यांस बेडफर्ड परगण्याचा शेरीफ नेमण्यात आले. त्यांच्या पंथाच्या माणसास तो हुद्दा कायद्याने वर्ज्य होता, व भारी दंडाचे भय होते. ते त्यांनी पत्करले. पूर्वीचे शेरीफ न्यायाधीशापुढे मिरवीत आणि तुरुंगाचे काम हाताखालच्यांवर सोपवीत. हॉवर्ड स्वतः आत गेले. ज्या परगण्याच्या कैदेत जॉन बन्यन बारा वर्षे होता तोच हा बेडफर्ड. ‘यात्रिकक्रमण’ वाचलेल्या आमच्या बंधूंस हे ठाऊक असेलच.

आत त्यांस जे दिसले ते असे. निर्दोष म्हणून सुटलेली माणसे पुन्हा कोठडीत ओढून नेली जात होती, कारण तुरुंगाधिकाऱ्याचे पंधरा शिलिंग चार पेन्स, व दरवानाचे दोन शिलिंग, ही फी त्यांच्याने देववत नव्हती. त्या काळी शेतमजुराची ही कित्येक दिवसांची कमाई होती. कित्येकांवर फिर्यादच उभी राहिली नव्हती, तेही महिनोन् महिने ह्या फीसाठी अडकून पडले होते.

आता येथे सामान्य मनुष्याने तुरुंगाधिकाऱ्यास दुष्ट म्हटले असते व रागाने घरी गेला असता. हॉवर्ड ह्यांनी त्यास पगार किती मिळतो ते विचारले. पगार मुळीच नव्हता! त्याचे घर, मुलेबाळे, सर्व काही कैद्यांपासून उकळलेल्या पैशांवर चाले. इंग्लंडात बहुतेक ठिकाणी हीच रीत होती: बेडी हलकी करावयाची तर पैसा, गवत पाहिजे तर पैसा, आणि दारूचा गुत्ता तुरुंगाधिकाऱ्याच्याच मालकीचा. ज्याच्या पोटास दुसऱ्याच्या दुःखावाचून मार्ग नाही, त्याने दयाळू राहावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? आमच्या मते हॉवर्ड ह्यांच्या सर्व कार्याचे मर्म ह्या एका प्रश्नात आहे. मोठी पुस्तके वाचून नव्हे, हिशेब विचारून त्यांस ते सापडले.

त्यांनी परगण्याच्या न्यायाधीशांस विनंती केली की, फी बंद करून तुरुंगाधिकाऱ्यास पगार द्यावा. त्यांनी विचारले की, दुसरा कोणता परगणा असे करतो तो दाखवा. हॉवर्ड घोड्यावर बसून शेजारच्या परगण्यात गेले, तेथून त्याच्या शेजारी. दाखला कोठेच मिळाला नाही. मिळाला असता तर कदाचित ते कार्डिंग्टनला परत येऊन आपल्या मुलास वाढवीत स्वस्थ राहिले असते.

ह्या फिरण्याविषयी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. त्या काळच्या तुरुंगांत एक ताप असे; उवांवाटे पसरणारा हा रोग आता टायफस म्हणून ओळखला जातो, पण उवांचा संबंध तेव्हा कोणास कळला नव्हता. 1750 साली लंडनच्या न्यायकचेरीत कैद्यांबरोबर तो आला, आणि नगराधिपती व न्यायाधीश धरून पन्नासांवर माणसे मेली. हॉवर्ड ह्यांच्या गणनेप्रमाणे फाशी जाणाऱ्यांपेक्षा ह्या तापाने मरणारे कैदी अधिक होते. त्यांबरोबर आतल्या कोठड्यांत उतरण्यास तुरुंगाधिकारी बहुधा काही निमित्त सांगून नकार देत. हे एकटेच उतरत. कपड्यांस इतकी दुर्गंधी लागे की बंद गाडीत बसवत नसे, म्हणून थंडी-पावसात ते उघड्या घोड्यावर प्रवास करीत. टिपणवहीची पाने विस्तवापुढे धरून शेकल्यावाचून वाचता येत नसत. हुंगावयाच्या शिरक्याची बाटलीही काही कोठड्यांनंतर असह्य होऊन जाई.

दुसरी गोष्ट अशी की, ते प्रत्येक ठिकाणी भाकरीचे वजन करीत, कोठडीची लांबीरुंदी मोजीत, आणि माणसे मोजीत. आमच्या तळवड्याच्या बंधूचे मोजणे आणि हे मोजणे ह्यांत अंतर आहे. पण आम्हांस वाटते की एवढे दुःख रोज पाहणाऱ्यास हातात काही काम, काही माप असल्यावाचून टिकाव धरता येत नाही. मांस व मद्य त्यांनी सोडले होते; भाकर, दूध, बटाटे, फळे व चहा एवढ्यावर निर्वाह चाले.

1774 च्या मार्चात पार्लमेंटाने त्यांस बोलावून साक्ष घेतली व आभार मानले. त्याच वर्षी दोन कायदे झाले. एकाने निर्दोष सुटलेल्यांची फी सार्वजनिक पैशांतून द्यावी असे ठरले. दुसऱ्याने भिंतींस चुना, खेळती हवा, आजाऱ्यांसाठी निराळी खोली व वैद्य ह्यांची तजवीज झाली. हॉवर्ड ह्यांनी ते कायदे स्वखर्चाने छापून तुरुंगाधिकाऱ्यांकडे पाठविले, आणि ते पाळले जातात की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा फिरू लागले. पुष्कळ ठिकाणी पाळले जात नव्हते. 1777 साली त्यांचा इंग्लंड व वेल्स येथील तुरुंगांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे हॉलंड, जर्मनी, इटली, रशिया, स्पेन, अशी सारी युरोप त्यांनी पालथी घातली. एकंदर प्रवास चाळीस हजार मैलांवर भरतो. तुरुंगाधिकारी प्रामाणिक, उद्योगी व दयाळू असावा, असे त्यांनी सांगितले आहे.

घरी काय चालले होते? मुलगा सुमारे आठ वर्षांचा असताना बाप शेरीफ झाला. त्यानंतर शाळा, परक्यांची घरे, नोकरांची संगत, आणि अधूनमधून येणारा, काटेकोर आज्ञापालन मागणारा बाप. हॉवर्ड मुलाशी क्रूरपणे वागत अशी कुजबूज पुढे शत्रूंनी उठविली. जवळच्या मित्रांनी ती खोडून काढली, व आम्हांसही ती खरी वाटत नाही. परंतु जे मन हजारो अनोळखी लोकांसाठी उघडे होते, ते घरच्या उंबऱ्यावर पोहोचेपर्यंत थकून जात असावे असे आम्हांस वाटते. मुलगा मोठा झाल्यावर व्यसनी संगतीत पडला आणि अखेर त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली.

ही बातमी त्यांस जेथे कळली ते ठिकाणही विलक्षण होते. 1785 च्या अखेरीस ते प्लेगपासून बचावाच्या उपायांचा शोध करण्यास निघाले होते. दूषित बंदरांतून येणाऱ्या उतारूंस कोंडून ठेवतात ती विलगीकरणाची घरे आतून कशी असतात हे अनुभवावे, म्हणून ते मुद्दाम संशयित जहाजात बसून व्हेनिसला गेले, आणि तेथे चाळीस दिवसांहून अधिक अडकून राहिले. खोली इतकी घाणेरडी होती की त्यांची अन्नावरची वासना उडाली व हळूहळू ताप भरेल असे भय वाटू लागले. शेवटी चुना मिळवून, पहाटे उठून, त्यांनी भिंती स्वतः पांढऱ्या केल्या. मग चहा गोड लागला व झोप आली. पण मन उभारी धरीना. तशातच दोन पत्रे-वर्तमाने आली: मुलगा वेडा झाला, आणि लंडनात लोक वर्गणी काढून हॉवर्ड ह्यांचा पुतळा उभारणार आहेत. त्यांनी पुतळ्याचा बेत रद्द करा म्हणून कळकळीने लिहिले. पंधराशे पौंडांवर रक्कम जमली होती. तिचा काही भाग परत केला गेला, व काही कर्जदार कैद्यांस सोडविण्याकडे लागला.

घरी येऊन मुलाची व्यवस्था लावली, आणि 1789 च्या जुलैत ते पुन्हा निघाले. घरी राहण्याची ताकद उरली नव्हती, की कर्तव्याची हाक तेवढी मोठी होती, हे एका परमेश्वरास ठाऊक. त्या काळच्या दक्षिण रशियातील खेरसोन येथे लष्करी इस्पितळे पाहत असता एका तापकरी मुलीस पाहण्यास ते पावसातून गेले. तोच ताप त्यांस लागला. 1790 च्या जानेवारीच्या 20 तारखेस त्यांनी देह ठेविला. कबरेवर छायायंत्र बसवा आणि आपणांस विसरून जा, असे त्यांनी सांगून ठेविले होते. लंडनच्या सेंट पॉल मंदिरात मात्र पहिला पुतळा त्यांचाच बसला. मुलगा बरा झाला नाही. 1799 साली चौतिसाव्या वर्षी तोही गेला.

आमच्या येरवड्याचा तुरुंग 1871 मध्ये बांधला गेला. तोपर्यंत तुरुंगाधिकाऱ्यास सरकारने पगार द्यावा की नाही, ह्यावर वाद घालण्याचे कोणास कारण राहिले नव्हते. पुढे 1939 साली औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंतीवाचूनची कैद्यांची वसाहत घातली. तिच्यावरून निघालेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिला असेल. त्यातही शेवटी तुरुंगाधिकाऱ्याचाच जीव जातो, हे त्यांस आठवत असेल.

रजा संपण्यापूर्वी तो शिपाई बंधू आम्हांस पुन्हा भेटला. आम्ही त्यास हे चरित्र सांगितले. पुतळ्याविषयी वा कायद्यांविषयी त्याने काही विचारले नाही. फक्त बाप फिरू लागला तेव्हा मुलगा किती वर्षांचा होता, हे त्याने पुन्हा विचारून घेतले. त्याचा स्वतःचा सहा वर्षांचा आहे. मग त्याने त्यास हाक मारिली, चपला घालावयास लाविल्या, आणि दोघे इंद्रायणीच्या वाटेने गेले.