यूजीन हूड्री : काजळीशी झुंजलेला मेकॅनिकलवाला

कॅटॅलिस्ट म्हटलं की आपले केमिकलवाले लगेच कॉलर ताठ करतात. पण कॅटॅलिस्ट वापरून मोठ्या प्रमाणावर पेट्रोल काढणारा, आणि पुढे तोच कॅटॅलिस्ट सायलेन्सरमध्ये भरणारा यूजीन हूड्री शिक्षणाने मेकॅनिकलचा होता!

त्याचा जन्म 1892 सालचा, पॅरिसजवळच्या दोमों गावचा. वडिलांचा पोलादाचा धंदा. 1911 साली तो सुवर्णपदक घेऊन इंजिनिअर झाला. कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कॅप्टनही तोच. (अभ्यास की ग्राउंड, हा वाद त्याच्यापुरता मिटलेला!) पहिल्या महायुद्धात रणगाडा दलात असताना 1917 साली तो जखमी झाला. युद्ध संपल्यावर रेसिंग गाड्यांचं वेड लागलं, आणि त्यातूनच चांगल्या पेट्रोलचा शोध सुरू झाला.

जड तेलाचं पेट्रोल करताना खरी अडचण होती काजळीची. काही मिनिटांतच कॅटॅलिस्टवर कार्बनचा थर बसायचा आणि तो मरायचा. इतरांनी इथेच हात टेकले. हूड्रीने मात्र तेलाचा प्रवाह थांबवून त्यावर गरम हवा सोडली, कार्बन जाळून टाकला आणि तोच कॅटॅलिस्ट पुन्हा वापरला. एक भांडं काम करतंय तोवर दुसरं साफ होतंय, आणि व्हॉल्व्ह आपोआप बदलतायत. हा विचार पक्का मेकॅनिकलचा! फ्रान्समध्ये पैसा मिळेना म्हणून 1930 साली तो अमेरिकेत गेला. 1937 साली पेनसिल्व्हेनियात मार्कस हुक इथे सन ऑइलचा मोठा प्लँट सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या विमानांना याच पद्धतीचं पेट्रोल खूप उपयोगी पडलं. जर्मनांपुढे झुकलेल्या व्हिशी सरकारला त्याने उघड विरोध केला, तेव्हा त्या सरकारने त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं. 1942 साली तो अमेरिकन झाला.

1950 च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या धुरक्याची चर्चा वाढली. पन्नाशी उलटलेल्या हूड्रीने नवी कंपनी काढली आणि गाडीच्या धुरासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बनवला. 1956 साली पेटंटही मिळालं. पण पेट्रोलमध्ये शिसं होतं, आणि शिशाने कॅटॅलिस्ट निकामी होतो. काजळी जाळता येते, शिसं नाही. बिनशिशाच्या पेट्रोलवर चालणाऱ्या गोदामातल्या फोर्कलिफ्टना त्याची यंत्रं बसली, रस्त्यावरच्या गाड्यांना नाही. 1962 साली तो गेला. अमेरिकेतल्या नव्या गाड्यांत कन्व्हर्टर सर्रास आला 1975 च्या मॉडेलपासून. मुंबईसह आपल्या चार महानगरांत 1995 साली.

आता थोडं वर्कशॉपचं. कन्व्हर्टर थंड असताना काम करत नाही, आणि थंड इंजिन नेमकं रिच मिश्रणावर चालतं. म्हणून काही गाड्यांत स्टार्ट केल्यावर मिनिटभर एक पंप एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडतो. उरलेलं इंधन तिथेच जळतं, कन्व्हर्टर लवकर तापतो. मधला व्हॉल्व्ह हवा आत जाऊ देतो, धूर मागे येऊ देत नाही. तो बिघडला की इंजिनचा दिवा लागतो, पी 0410 किंवा पी 0411 असा कोड येतो, आणि बहुतेक जण सरळ महागडा पंप बदलतात!

आधी थंड इंजिन सुरू करून पंपाचा आवाज ऐकावा. मग इंजिन बंद करून व्हॉल्व्हकडचा होज काढावा. आत काजळी किंवा ओल दिसली तर व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीये, धूर मागे येतोय. होज कोरडा आहे आणि पंपाची हवाही येतेय, तर तो परत जोडून, इंजिन तापल्यावर स्कॅनरने पंप चालू करावा. ऑक्सिजन सेन्सरने लीन दाखवायला हवं. नाही दाखवलं तर व्हॉल्व्ह उघडत नाहीये, किंवा पुढची वाट काजळीने बुजलीये. उघडा अडकलेला व्हॉल्व्ह तसाच ठेवून पंप बदलला, तर धुरातलं पाणी मागे येऊन नवा पंपही गंजवतं.