करिअर मार्गदर्शन सुरू झालं कोणासाठी? जाणून घ्या फ्रँक पार्सन्स यांच्याविषयी

दहावी-बारावीचा निकाल लागला की करिअर मार्गदर्शनाची चर्चा सुरू होते. ही कल्पना मात्र रुजली ती अमेरिकेत, बोस्टनच्या स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत. तिचे जनक मानले जातात फ्रँक पार्सन्स.

पार्सन्स यांचा जन्म १८५४ मध्ये न्यू जर्सीत झाला. कॉर्नेल विद्यापीठातून इंजिनीअर होऊन ते रेल्वेत लागले, पण १८७३ च्या मंदीत नोकरी गेली. हातात पदवी असूनही लोखंडाच्या कारखान्यात मजुरी करावी लागली. पुढे ते शिक्षक, मग वकील आणि बोस्टन विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक झाले. महिलांना मताधिकार मिळावा, रेल्वे जनतेच्या मालकीची असावी, अशी त्यांची भूमिका होती.

बोस्टनच्या नॉर्थ एंड भागात स्थलांतरितांची मुलं मिळेल ते काम धरत होती. कोणत्या कामात काय संधी आहे, हे सांगणारं कोणी नव्हतं. त्यांच्यासाठी जानेवारी १९०८ मध्ये पार्सन्स यांनी ‘व्होकेशन ब्युरो’ सुरू केला. निधी पॉलिन अगासी शॉ यांनी दिला.

पद्धत तीन टप्प्यांची होती : स्वतःला ओळखा, कामांची माहिती घ्या, मग दोन्हींचा मेळ घाला. सल्लागाराने फक्त मदत करायची, निर्णय ज्याचा त्यानेच घ्यायचा.

पहिल्या काही महिन्यांत १५ ते ७२ वयोगटातील ८० जण आले. सप्टेंबर १९०८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी पार्सन्स यांचं निधन झालं. त्यांचं ‘चूझिंग अ व्होकेशन’ हे पुस्तक १९०९ मध्ये प्रसिद्ध झालं.

ओळखपाळख नसलेल्यालाही माहिती मिळाली, तरच निवडीचं स्वातंत्र्य खरं ठरतं. ब्युरोचा पाया हाच होता.