विमानटपालाचे आद्य प्रवर्तक : जे. आर. डी. टाटा

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत एका पारशी गृहस्थाचे चरित्र कशासाठी, अशी शंका काही ज्ञातिबांधवांस येईल. परंतु आपल्यातील अनेक कुटुंबे लहान व्यापारावर उभी आहेत आणि भांडवल थोडे, सरकारचे साहाय्य नाही, ही तक्रार मंडळाच्या सभांतून नेहमी कानी पडते. टाटा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रचंड कारखाने उभे राहतात. येथे सांगावयाचे आहे ते त्यांच्या एका अगदी लहान धंद्याविषयी.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. आई सुझान या फ्रेंच. फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्डेलो येथे कुटुंबाचे उन्हाळ्यातील घर होते आणि इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचे घरही तेथेच होते. वाळूवर उतरणारी विमाने पाहून या बालकास जे वेड लागले ते जन्मभर टिकले. पंधराव्या वर्षी ते प्रथम विमानात बसले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिला गेलेला तो पहिलाच परवाना होय.

पुढे इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखानांनी बक्षीस जाहीर केले. जहांगीर कराचीहून निघाले. प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. ईजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पींचे विमान एका स्पार्क प्लगावाचून अडले होते. जहांगीर यांनी आपल्याजवळचा जादा प्लग त्यांना देऊन टाकला, आणि बक्षीस अस्पींनी जिंकले. हेच अस्पी इंजिनिअर पुढे १९६० साली भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

आता मुख्य विषयाकडे वळू. त्या काळी विलायतेची विमानटपाल इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत येई. तेथून पुढे दक्षिणेकडे ती विमानाने न्यावी, अशी योजना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने मांडली. सर दोराबजी टाटा प्रथम राजी नव्हते. अखेरीस त्यांनी सुमारे दोन लाख रुपये गुंतविण्यास अनुमती दिली. सरकारने मात्र अनुदान साफ नाकारले. वाहिलेल्या टपालाच्या वजनाप्रमाणे काय तो मोबदला मिळावयाचा, एवढ्यावरच १९३२ साली करार झाला.

सरंजाम तो केवढा! पुस मॉथ जातीची दोन लहान विमाने, मोजके वैमानिक व यंत्रकामगार, आणि जुहूच्या चिखलाळ मैदानाकाठी झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जहांगीर कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले. अहमदाबादेस बैलगाडीतून आणलेले पेट्रोल विमानात भरले आणि दुपारी ते जुहूस उतरले. तेथून बल्लारीमार्गे मद्रासपर्यंत व्हिन्सेंट गेले. वाटेत दिशा दाखविणारी यंत्रे नव्हती, बिनतारी संदेशाची सोय नव्हती. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. मग सारा कारभार उचलून पुण्यास येरवड्याच्या मैदानावर न्यावा लागे. आपल्याकडे दुकानाची जागा बदलावी लागली तरी वर्षभर कुरकुर चालते, हे सहज आठवले.

पहिल्या वर्षात या विमानांनी १,६०,००० मैल प्रवास केला, सुमारे दहा टन टपाल आणि १५५ उतारू वाहिले आणि ६०,००० रुपये नफा मिळविला. नफ्यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते हे, की टपाल वेळेवर पोचत असे. अनुदानावाचून धंदा चालला तो याच बळावर. १९३५ साली गोवा व कण्णूरमार्गे त्रिवेंद्रमची फेरी सुरू झाली, पुढे दिल्लीचीही. १९३८ साली चौतिसाव्या वर्षी जहांगीर टाटा सन्सचे अध्यक्ष झाले, तरी या धंद्यातील त्यांचा जीव कमी झाला नाही. सोबती व्हिन्सेंट मात्र १९४२ साली युद्धकाळातील विमानप्रवासात नाहीसे झाले. १९४६ साली टाटा एअरलाइन्सचे एअर इंडिया असे नामांतर झाले आणि जून १९४८ मध्ये मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून लंडनला गेले.

१९५३ साली सरकारने साऱ्या विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. टाटांनी या निर्णयास उघड विरोध केला होता. स्वतः वाढविलेले रोप असे हातचे गेल्यावर दुसरा कोणी रुसून घरी बसला असता. टाटांनी सरकारी एअर इंडियाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि पंचवीस वर्षे, वेतन न घेता सांभाळले. विमानातील पडद्यांचा रंग, चहाची चव, खिडकीवरील धूळ, काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. राष्ट्रीयीकरण योग्य की अयोग्य याविषयी ज्ञातीत दोन मते आहेत. प्रस्तुत लेखकास ते त्या काळी घाईचे झाले असे वाटते. परंतु १९७८ साली जनता सरकारने त्यांना ज्या रीतीने पदावरून दूर केले, त्याचे समर्थन कोणीही करू नये. ही बातमी त्यांना प्रथम कळली ती त्यांच्या जागी नेमलेल्या गृहस्थांकडून.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते लेपर्ड मॉथ या जुन्या धर्तीच्या विमानातून कराचीहून मुंबईस पुन्हा एकटे उडत आले. १९९२ साली त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे देहावसान झाले. एअर इंडिया टाटांच्या हाती परत आली ती २७ जानेवारी २०२२ रोजी.