नामदार गोखले व आफ्रिकेंतील हिंदी मजूर

मालवणच्या किनाऱ्यावरील माणसास पोटासाठीं परमुलखीं जाणें नवें नाहीं. परंतु जेथें वर्षानुवर्षें राबून संसार मांडला त्याच मुलखाच्या बंदरांत उतरण्याची मनाई व्हावी, ही आपत्ति केवढी दारुण! अशा लोकांची दाद लागावी म्हणून ज्यांनीं देह झिजविला ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले आमच्याच जिल्ह्याचे म्हणावयास हरकत नाहीं. १९८१ सालीं सिंधुदुर्ग निराळा होईपर्यंत मालवण रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे, आणि त्याच जिल्ह्यांतील कोतळूक गांवीं ९ मे १८६६ रोजीं त्यांचा जन्म झाला.

वडील लवकर निवर्तले. थोरल्या बंधूंनीं तुटपुंज्या पगारांतून पैसे धाडून त्यांस शिकविलें. पुढें फर्ग्युसन कॉलेजांतील अध्यापन, १९०५ सालीं काँग्रेसचें अध्यक्षपद व भारत सेवक समाजाची स्थापना, हें सर्व वाचकांस ठाऊकच आहे.

नाताळ वसाहतींत १८६० पासून हिंदी मजूर पांच वर्षांच्या करारानें उंसाच्या मळ्यांवर जात. करार संपला कीं त्यांनीं पुन्हां करार करावा, नाहीं तर देश सोडावा, ह्या हेतूनें १८९५ च्या कायद्यानें मुक्त मजुरावर दरसाल तीन पौंडांची, म्हणजे ४५ रुपयांची, डोईपट्टी बसविली. पहिल्या वर्षीं मजुरास महिना दहा शिलिंग मिळत. तेव्हां ही सहा महिन्यांची कमाई झाली! शेजारच्या ट्रान्सवालांत १९०७ चा नोंदणीचा कायदा न जुमानणाऱ्या हिंदी लोकांनीं गांधीजींच्या नेतृत्वाखालीं तुरुंग पत्करला, तेव्हां हद्दपारी सुरू झाली. १९१० मध्यें कित्येकांस पोर्तुगीजांच्या डेलागोआ बंदरांतून आगबोटीनें हिंदुस्थानांत धाडलें. त्यांत आफ्रिकेंतच जन्मलेले तरुणहि होते. नारायणस्वामी नांवाचा एक हद्दपार गृहस्थ परत गेला, तों त्यास एका बंदरांतहि उतरूं दिलें नाहीं. डेकवर हाल सोसून १६ ऑक्टोबर १९१० रोजीं तो मरण पावला.

केवळ विनवणीनें हें संकट टळणार नाहीं हें गोखल्यांनीं आधींच ओळखलें होतें. मळेवाल्यांस मजूर हवे होते, तेच रोखावे. त्याच वर्षीं २५ फेब्रुवारीस वरिष्ठ कायदेमंडळांत त्यांनीं तसा ठराव मांडला, सरकारनें तो मान्य केला, आणि जुलै १९११ पासून नाताळची भरती बंद झाली. आमच्या मतें त्यांच्या साऱ्या कामगिरींत हा घाव सर्वांत नेमका होता.

१९१२ च्या ऑक्टोबरांत ते स्वतः आफ्रिकेस गेले व प्रिटोरियास बोथा, स्मट्स प्रभृति मंत्र्यांस भेटले. डोईपट्टी उठणार अशा समजुतीनें ते परतले. मंत्र्यांनीं मागाहून वचनच नाकारलें. सज्जनाचा विश्वास असा फसतो, परंतु तें वचन लेखी घेतलें असतें तर बरें झालें असतें असें आम्हांस वाटतें. १९१३ सालीं हजारों मजुरांनीं संप केला, तेव्हां मधुमेहानें जर्जर झालेले गोखले इकडे त्यांच्यासाठीं वर्गणी गोळा करीत होते. जुलै १९१४ मध्यें डोईपट्टी रद्द झाली. नवीन हिंदी लोकांस मज्जाव मात्र राहिलाच.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें; वय अवघें ४८ वर्षांचें. कराराची पद्धतच सर्वत्र बंद करावी हा त्यांचा १९१२ चा ठराव २२ विरुद्ध ३३ मतांनीं पडला होता. ती भरती १९१७ सालीं थांबली.