१ जानेवारीनंतरची २ जानेवारी

दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देऊन घरी परततो. दुसऱ्याच दिवशी कर्जत-मुरबाडकडची माणसे सिद्धगडाच्या परिसरात भाई कोतवालांना अभिवादन करायला जमतात. त्या दिवसाशी आपल्या चळवळीने फारसे नाते ठेवलेले नाही.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानच्या नाभिक कुटुंबातला. गोऱ्या साहेबांनी हवा खायला वसवलेल्या या डोंगरावरचा, वस्तरा ही ज्याच्या जातीची ओळख मानली गेली असा हा मुलगा पुण्यात शिकला, वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. कर्जतच्या शेतकऱ्याला सावकाराचा उंबरा झिजवावा लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या उघडल्या, खेड्यापाड्यांत शाळा काढल्या. महाडचा सत्याग्रह पाहिलेल्या याच कुलाबा जिल्ह्यातले हे काम. इतिहास लिहिणाऱ्यांनी मात्र त्यांच्या हाती फक्त बंदूक ठेवली, धान्यकोठी आणि जात दोन्ही पुसून टाकली!

आपली अडचण १९४२ ची आहे. एप्रिलमध्ये जपानी आरमाराच्या विमानांनी कोलंबो आणि विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. ऑगस्टच्या चले जाव आंदोलनाला त्यांचा विरोध होता. कोतवाल भूमिगत झाले आणि त्यांचा आझाद दस्ता विजेचे मनोरे पाडू लागला. खालापूर तालुक्यातल्या खोपोलीचे (१९१५) आणि कर्जतजवळच्या भिवपुरीचे (१९२२) ही टाटांची वीजघरे मुंबईला वीज पुरवत. मनोरा पडला की गिरणी थांबणार, आणि गिरणीत घाम गाळणारे हजारो हात आपलेच होते. फॅसिझम आधी हरला पाहिजे ही बाबासाहेबांची भूमिका मला आजही पटते. तरीही सावकाराशी भिडलेल्या या माणसाला परका मानायला मन तयार होत नाही. धान्यकोठीवाला कोतवाल काँग्रेसला आंदण का द्यायचा?

सरकारने त्यांच्यावर इनाम लावले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलीस अधिकारी हॉलच्या तुकडीने सिद्धगडच्या जंगलात दस्त्याला घेरले. गोळीबारात हिराजी गोमाजी पाटील हा तरुण साथीदार पडला. जखमी कोतवालांना हॉलने जवळून गोळी घातली. त्यांना तिसावे वर्ष पुरे होऊन जेमतेम महिना झाला होता.