मैदानातून न्यायालयात : जॉन माँटगोमेरी वॉर्ड

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १८६० साली जन्मलेल्या जॉन माँटगोमेरी वॉर्ड यांचे मातृपितृछत्र अल्पवयातच हरपले. उदरनिर्वाहासाठी ते व्यावसायिक बेसबॉलकडे वळले. १७ जून १८८० रोजी चेंडू टाकताना त्यांनी बफेलो संघाच्या एकाही फलंदाजास पहिल्या टप्प्यावर पोहोचू दिले नाही. पुढे हात दुखावल्याने त्यांनी क्षेत्ररक्षकाची जागा स्वीकारली. परंतु अभ्यास सोडला नाही. ज्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली शिकावयास गेले, तेथूनच वॉर्ड यांनी १८८५ मध्ये कायद्याची पदवी मिळविली होती.

त्या काळी करारातील एका कलमामुळे मुदत संपल्यावरही खेळाडू मालकाच्याच ताब्यात राही. मालक त्यास विकू शके. त्याला मात्र स्वेच्छेने संघ बदलता येत नसे. या अन्यायाविरुद्ध वॉर्ड यांनी १८८५ सालीच खेळाडूंची संघटना उभारली. १८९० च्या हंगामासाठी त्यांनी खेळाडूंची स्वतंत्र लीग स्थापताच मालकांनी त्यांना न्यायालयात खेचले. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मनाईहुकूम नाकारला आणि वॉर्ड विजयी झाले. तथापि आर्थिक ओढाताणीमुळे ती लीग एकाच हंगामात बंद पडली.

१८९४ नंतर त्यांनी वकिली पत्करली व खेळाडूंचेही खटले लढविले. १९२५ साली त्यांचे निधन झाले. त्या कलमाचे बंधन १९७५ साली लवादाच्या निर्णयाने सैल झाले. स्वतःच्या शिक्षणाचे बळ सोबत्यांच्या हक्कांसाठी वेचणाऱ्या या खेळाडूचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावे.