कढईच्या तळाशी उरलेले : मिशेल युजीन शेव्हरल (१७८६–१८८९)



यंदा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनीत नववीच्या मुलांनी, बाईंच्या देखरेखीखाली, कचोरी तळून उरलेल्या तेलापासून बायोडिझेल करून दाखवले. वर पिवळे इंधन आणि बाटलीच्या तळाशी काकवीसारखा गडद थर. सर्वांनी वरच्या इंधनाचे कौतुक केले. प्रदर्शनी आटोपल्यावर एक विद्यार्थी तो खालचा थर मोरीत ओतायला निघाला, तेव्हा बाईंनी त्याला थांबवले. तो थर ग्लिसरीनचा होता. ज्यांनी त्याला हे नाव दिले, त्या शेव्हरल यांचे चरित्र या अंकात सांगावे असे आम्हांस तेव्हाच वाटले.

शेव्हरल यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७८६ रोजी फ्रान्समधील आँजे येथे झाला. वडील शल्यवैद्य होते. ते दिवस राज्यक्रांतीचे. गिलोटिनवरचा मृत्युदंड त्यांनी बालवयातच पाहिला. १८०३ मध्ये ते पॅरिसला आले आणि व्होकलँ या रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत शिकू लागले.

साबण माणूस शेकडो वर्षांपासून करीत होता, पण चरबी क्षाराबरोबर उकळली की आत नेमके काय घडते, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. १८११ च्या सुमारास डुकराच्या चरबीचा साबण तपासताना शेव्हरल यांना मोत्यासारखे चमकणारे स्फटिक मिळाले. ते स्फटिक ते पुन्हा पुन्हा विरघळवीत आणि पुन्हा जमवीत. वितळण्याचे तापमान बदलेनासे झाले, की मगच पदार्थ शुद्ध मानीत. दहा-बारा वर्षे हेच काम चालले. एका प्रयोगाला कंटाळणाऱ्या आमच्या मुलांनी हा आकडा जरूर लक्षात घ्यावा!

खरी गंमत वजनात होती. शंभर भाग चरबीतून सुमारे पंचाण्णव भाग मेदाम्ले आणि सुमारे दहा भाग गोड, दाट द्रव निघे. बेरीज शंभराहून अधिक! म्हणजे विघटन होताना पाणीही त्यांत सामावते, हे त्यांनी ओळखले. तो गोड द्रव स्वीडनच्या शेले यांना त्यांच्याआधीच सापडला होता आणि त्यांनी तो १७८३ मध्ये प्रसिद्धही केला होता. साबणवाले मात्र तो खारवणीबरोबर सांडून देत. तो प्रत्येक तेला-तुपाचा घटकच आहे, हे शेव्हरल यांनी दाखवून दिले आणि गोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ग्लिसरीन नाव दिले. १८२३ मध्ये त्यांचा चरबीवरील मोठा ग्रंथ निघाला.

त्या काळच्या चरबीच्या मेणबत्त्या फार धुरकट असत. डोळे झोंबविणारा तो धूर मुख्यतः ग्लिसरीन जळून होणाऱ्या अ‍ॅक्रोलीनचा. ग्लिसरीन काढून उरलेल्या घट्ट मेदाम्लांची मेणबत्ती स्वच्छ जळते. १८२५ मध्ये शेव्हरल आणि गे-ल्यूसाक यांनी त्याचे पेटंट घेतले. धंदा मात्र त्यांना जमला नाही. पैसा पुढे दुसऱ्यांनी कमावला.

आता आमची बाटली. बायोडिझेल करताना ग्लिसरीनला सुटे करण्याचे काम पाण्याऐवजी मिथेनॉल करते. म्हणून तळाचा तो थर औषधाच्या दुकानातील ग्लिसरीन नव्हे. त्यात मिथेनॉल, कॉस्टिक सोडा आणि साबण मिसळलेले असतात. मिथेनॉल विषारी आहे, त्याने दृष्टी जाऊ शकते, आणि त्याची ज्वाळा उजेडात दिसतही नाही. तेव्हा तो थर ना मोरीत टाकावा, ना अंगाला लावावा. घरच्या स्टोव्हवर उकळून मिथेनॉल उडवणे तर मुळीच नको. चुलीत जाळले तर शेव्हरल यांच्या काळचा तोच झोंबरा धूर! योग्य रीत अशी : बंद उपकरणात मिथेनॉल ऊर्ध्वपातनाने परत मिळवायचे, मग आम्ल घालून क्षार मारायचा, तेव्हा मेदाम्ले वर तरंगतात. हे सगळे शाळेत होण्यासारखे नाही. बाटली लेबल लावून कुलुपात ठेवली आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने ती घ्यावी असा आमचा प्रयत्न आहे.

शेव्हरल १८२४ पासून पॅरिसच्या गोबलें कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या रंगांत आहे हे त्यांनी शोधले. माहेश्वरीचे काठ निवडणाऱ्या आमच्या माता-भगिनींना हे वेगळे सांगायला नको. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ चा. पुढे टेबल आपोआप फिरते म्हणणाऱ्यांचा भ्रमही त्यांनी १८५४ मध्ये पुस्तक लिहून दूर केला.

१८७१ च्या जानेवारीत प्रशियाच्या तोफगोळ्यांनी पॅरिसच्या निसर्ग-संग्रहालयाच्या काचघरांची नासधूस झाली. चौऱ्याऐंशी वर्षांचे शेव्हरल तेथील संचालक होते. ते शहर सोडून गेले नाहीत, उलट त्यांनी जाहीर निषेध नोंदवला. इतक्या वयातही ते स्वतःला फ्रान्सच्या विद्यार्थ्यांतला सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थी म्हणवीत.

१८८६ मध्ये देशाने त्यांची जन्मशताब्दी साजरी केली, आणि ती पाहायला ते स्वतः हजर होते. ९ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नऊ दिवसांपूर्वीच आयफेल टॉवर उभा राहिला होता. त्यावर कोरलेल्या ७२ नावांत शेव्हरल यांचेही नाव आहे.